सही तुमची आहे

दार लावून घ्या आणि चौघंही पुढच्या बाकावर बसा. लॅपटॉप बंद. आज स्क्रीनवर बघून कुणी उत्तर द्यायचं नाही.

हा तुमचा प्रोजेक्ट प्लॅन. अडतीस पानं, स्पायरल बायंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, त्यावर 'दूध संकलन संस्थेसाठी संगणक प्रणाली'. काल रिव्ह्यूला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला: म्हशीच्या दुधाचा दर कशावर ठरतो? चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलात. मग एकाने घाईघाईने पानं उलटली, बाविसावं पान काढलं आणि बोट ठेवून सांगितलं, "सर, इथे 'दर प्रति लिटर' असं फील्ड आहे." परीक्षकांनी वही मिटली आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तुम्हाला रागावण्याच्याही लायकीचं मानलं नाही, आणि माझी मान खाली गेली.

रात्री बसून मी तुमची अडतीसच्या अडतीस पानं वाचली. तुम्ही वाचलेली नाहीत, हे मला तिसऱ्या पानावरच कळलं.

तिसऱ्या पानावर काय आहे सांगू? प्रत्येक दूध उत्पादक ईमेल आणि पासवर्ड टाकून लॉगिन करणार. सातव्या पानावर सहा वेगवेगळ्या मायक्रोसर्व्हिसेस, त्यांच्यामध्ये निरोप पोहोचवायला काफ्का, आणि सगळं चालवायला कुबर्नेटीस. अकराव्या पानावर एकाच वेळी १०,००० युजर्स येतील असं धरून लोड टेस्टिंग. संस्थेचे सभासद आहेत २१२. सतराव्या पानावर लिहिलंय की प्रणाली जीडीपीआरचं पालन करेल. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा कायदा आहे. आपल्या कॉलेजपासून अठरा किलोमीटरवरच्या गावातल्या दूध संस्थेशी त्याचा काय संबंध? आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, त्याचा अडतीस पानांत उल्लेखसुद्धा नाही. आणि एकोणतिसाव्या पानावर वेळापत्रक. ऐन दिवाळीच्या आठवड्यात चौघांना प्रत्येकी चाळीस तासांचं काम, आणि त्याच आठवड्यात संस्थेच्या कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग. दिवाळीच्या तोंडावर दूध संस्थेच्या सचिवाला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे या प्लॅनला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही.

हा प्लॅन एआय एजंटने लिहिला. ते मला कळलं म्हणून मी तुम्हाला बोलावलेलं नाही. एजंट वापरू नका असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. उद्या नोकरीला लागाल तिथे हेच साधन समोर येणार आहे, आणि जो ते वापरायला शिकला नाही तो मागे पडेल. माझा राग शेवटच्या पानावर आहे. तिथे छापलंय, 'सदर आराखडा आम्ही संस्थेच्या कामकाजाचा अभ्यास करून तयार केला आहे.' खाली चार सह्या. संस्थेच्या कामकाजाचा अभ्यास तुमच्यापैकी कुणी केला? कधी केला? किती वाजता गेला होतात? त्या चार सह्या खोट्या आहेत, आणि त्या एजंटने केलेल्या नाहीत.

आता हे साधन काय आहे ते नीट ऐका. रोज वापरता, पण विचारलं की सांगता, 'मॅडम, तो विचार करतो.' आत एक भाषा-मॉडेल आहे. प्रचंड मजकुरातून ते शिकलेलं आहे की अशा मजकुरानंतर पुढे काय येणं संभवतं. त्याच्याभोवती एक चक्र बसवलेलं आहे: उद्दिष्ट घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, फाईल उघडायची, कमांड चालवायची, काय निष्पन्न झालं ते बघायचं आणि पुढचं पाऊल ठरवायचं. टेस्ट फसली तर कोड बदलून ते पुन्हा चालवतं. हे सामर्थ्य खरं आहे, आणि मी स्वतः ते वापरते. पण त्याला दिसतं ते एवढंच, जे तुम्ही त्याच्यासमोर ठेवलंत. तुम्ही काय ठेवलं होतंत? तुमचं फोल्डर मी मागवून बघितलं. एक रिकामी रीडमी फाईल आणि दोन ओळींची सूचना: दूध डेअरीसाठी मॅनेजमेंट सिस्टीम बनवायची आहे, बारा आठवड्यांचा सविस्तर प्लॅन दे.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्या जागी माहिती नसते त्या जागी हे साधन सहसा थांबत नाही. जगात जे सर्वात जास्त वेळा लिहिलं गेलंय त्याने ती जागा भरून टाकतं. शहरातल्या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल जगात खूप लिहिलं गेलंय, म्हणून तुम्हाला काफ्का मिळालं. युरोपच्या कायद्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून जीडीपीआर मिळाला. गावातल्या संकलन केंद्रावर पहाटे काय घडतं याबद्दल फारसं लिहिलेलंच नाही, म्हणून तिथे रिकामी जागा होती, आणि ती रिकामी आहे हे कळू नये इतक्या गुळगुळीत इंग्रजीत ती भरली गेली. गबाळा प्लॅन असता तर तुम्ही दोनदा वाचला असतात. हा देखणा होता, म्हणून तुम्ही तो थेट झेरॉक्सवाल्याकडे दिलात.

आता उठ तू. हो, तूच. तुझ्या घरी म्हशी किती? तीन. दूध कुठे घालता? त्याच संस्थेत. वडील घालतात की तू? सुट्टीत तू घालतोस. मग मला सांग, केंद्रावर गेल्यावर काय होतं?

बघा, ऐका सगळे. पहाटे साडेपाचला रांग लागते. आपला कोड नंबर सांगायचा. किटली वजनकाट्यावर रिती करायची. त्यातलं थोडं दूध मशीनमध्ये जातं आणि फॅट व एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, दिसतात. म्हशीचं दूध वेगळं, गाईचं वेगळं. म्हशीला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा पाया धरून, गाईला ३.५ आणि ८.५ धरून दरपत्रक असतं, आणि त्याच्या खालीवर पॉइंटला पैसे कमीजास्त होतात. सकाळची पाळी वेगळी, संध्याकाळची वेगळी. दर दहा दिवसांनी बिल. पशुखाद्याची पोती उधारीवर नेली असतील तर ती बिलातून कापून घेतात. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर मशीन चालतं, इंटरनेट मात्र जातं. आणि दुधाची गाडी ठरल्या वेळेला येते, ती कुणासाठी थांबत नाही.

आणि दिवाळीआधी काय मिळतं? दर फरक. वर्षभर जेवढं दूध घातलं त्यावर मिळणारी जादा रक्कम. त्या पैशातून तुझ्या घरी काय होतं ते तू आत्ता हळू आवाजात सांगितलंस. तेवढ्यावरच तुझी गेल्या वर्षीची फी भरली गेली. बस खाली.

कळलं का तुम्हाला मी काय म्हणतेय? या प्रकल्पाची निम्मी माहिती तुमच्याच ग्रुपमध्ये, तुमच्याच बाकावर बसलेली होती. तुम्ही तिघांनी त्याला विचारलं नाही. एजंटला तो आहे हेच माहीत नव्हतं. आणि तू, ज्याच्या घरची चूल त्या दुधावर चालते, तूसुद्धा तोंड उघडलं नाहीस, कारण अडतीस पानांच्या इंग्रजीपुढे तुला आपल्या घरचं ज्ञान क्षुल्लक वाटलं. मला सर्वात जास्त वाईट याचं वाटतं. बाकी चुका दुरुस्त होतील. आपल्याला जे माहीत आहे ते सांगायची लाज वाटणं ही सवय आत्ताच मोडली नाही, तर जन्मभर तुम्ही कुणाच्या तरी देखण्या कागदापुढे मान डोलावत राहाल.

आता तुमच्या बाविसाव्या पानावरच्या टेबलात दर फरक बसवून दाखवा. बसत नाही. तिथे दर म्हणून एकच आकडा आहे, आणि दरपत्रक बदललं की तो आकडा बदलायचा असं लिहिलंय. म्हणजे ऑक्टोबरात दर बदलला की सप्टेंबरची बिलंही नव्या दराने दिसणार. दर कोणत्या तारखेपासून लागू, ती तारीखच कुठे ठेवलेली नाही. पैसे दशांश अपूर्णांकात साठवलेत. पैशाचा हिशेब पूर्णांकी पैशांत ठेवायचा, हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवलंय. इंटरनेट गेल्यावर नोंदी मशीनवर साठवून नंतर पाठवायच्या असतील आणि एकच नोंद दोनदा गेली, तर दूध दुप्पट दिसेल. ते अडवायला प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख हवी: तारीख, पाळी, सभासद, किटलीचा क्रमांक. ती कुठे आहे? सकाळी घाईत २.५ लिटरच्या जागी २५ लिहिलं गेलं तर दुरुस्ती कोण करणार आणि त्याची खूण कुठे राहणार? हे सगळे प्रश्न पहिल्या आठवड्याचे आहेत. बाराव्या आठवड्यात ते सुचले तर सगळा डोलारा मोडावा लागतो.

योजना म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल तर आज ऐका. पीटर नाउर नावाचे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ होते, ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. १९८५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रॅम लिहिताना खरी तयार होणारी वस्तू म्हणजे प्रोग्रॅमरच्या डोक्यातली समज. कोड आणि कागदपत्रं ही तिची मागे राहिलेली निशाणी. त्यांनी उदाहरण दिलंय ते एका कंपायलरचं. एका गटाने तो बनवला, दुसऱ्या गटाने पुढे वाढवायला घेतला. दुसऱ्या गटाकडे सगळी कागदपत्रं होती, पूर्ण कोड होता, मूळ गट सल्लाही देत होता. तरी त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेची ताकद मारून टाकणारी ठिगळं निघाली. कागद होता, समज नव्हती. तुमच्याकडे तर सल्ला द्यायला मूळ गटही नाही. एजंटने तो प्लॅन लिहिला आणि ते संभाषण बंद झालं. आता या अडतीस पानांमागची समज जगात कुणाच्याही डोक्यात नाही. मी पान उघडून 'हे असं का?' विचारलं तर उत्तर द्यायला कुणीच शिल्लक नाही. अशा कागदाला प्लॅन म्हणत नाहीत.

आणि दुसऱ्याचं गृहीतक डोळे झाकून उचललं की काय होतं, त्याचीही गोष्ट आहे. ४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर त्यांनी आधीच्या एरियन ४ मधून उचललं होतं. तिथे ते वर्षानुवर्षं बिनचूक चाललं होतं. त्यात एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ च्या वर मावत नाही. एरियन ४ चा आडवा वेग पाहता ती मर्यादा ओलांडली जाणार नाही असा हिशेब होता, आणि तो त्या रॉकेटसाठी बरोबर होता. एरियन ५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग कितीतरी लवकर वाढणारा. इंजिन पेटल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत संख्या मावेनाशी झाली, मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या आणि रॉकेटचे आकाशात तुकडे झाले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या गणितात ही चूक झाली, त्या गणिताची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. आधीच्याला होती, म्हणून ते तसंच राहिलं. तुमच्या सातव्या पानावरचं काफ्का तसंच आलंय. आधीच्या कुणाला तरी त्याची गरज होती.

त्या माणसांनी निदान स्वतःचंच जुनं रॉकेट वापरलं होतं. तुम्ही कुणाचं वापरलंत तेही तुम्हाला सांगता येणार नाही.

आता वेळापत्रकाकडे या. तुम्ही काल परीक्षकांना सांगितलंत, एआय वापरतोय त्यामुळे बारा आठवड्यांचं काम सहा आठवड्यांत होईल. हा आकडा कुठून आणलात? फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाचं काम पाहिलं आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे त्यांचं वाक्य तुम्ही परीक्षेत पाठ करून लिहिता. वेळेची त्यांची वाटणी मात्र तुम्हाला आठवत नाही. एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश कोडिंगला, आणि उरलेला निम्मा टेस्टिंगला. म्हणजे कोडिंग उद्या शून्य वेळात झालं तरी वाचला तो सहावा हिस्सा. तुमच्या प्लॅनमध्ये टेस्टिंगला चार दिवस आहेत आणि आखणीला एक संध्याकाळ. जे काम एजंट खरोखर हलकं करतो त्याला तुम्ही आठ आठवडे दिलेत, आणि जे तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही ते गुंडाळून टाकलंत.

२०२५ मध्ये मीटर नावाच्या संशोधन संस्थेने एक प्रयोग केला. सोळा अनुभवी डेव्हलपर्स, त्यांच्याच ओळखीचे ओपन सोर्स प्रकल्प, २४६ कामं. काही कामांत एआय वापरायला परवानगी, काहींत नाही. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी कमी लागेल. काम संपल्यावर त्यांना वाटत होतं, २० टक्के वाचला. घड्याळाने सांगितलं की १९ टक्के जास्त लागला. त्यानंतर साधनं सुधारली आहेत, आणि हा निकाल सगळ्या कामांना लागू आहे असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांना काम झाल्यावरसुद्धा आपला वेळ वाचला की गेला हे कळलं नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. आणि तुम्ही, अजून एकही प्रकल्प पूर्ण न केलेले, परीक्षकांसमोर छातीठोकपणे सहा आठवडे सांगता? एजंटला तुमच्या अंतर्गत परीक्षा कधी आहेत ते माहीत नाही. तुमच्यातल्या एकाला जावा येत नाही, ते माहीत नाही. त्याने बारा आठवडे लिहिले कारण तुम्ही बारा मागितले होते. आठ मागितले असते तर आठ लिहिले असते. असल्या होयबाच्या आकड्यावर विसंबून कुणाला तारीख देऊ नका.

मी हे तावातावाने बोलतेय, त्याला कारण आहे. शिकवायला येण्याआधी मी सहा वर्षं एका कंपनीत काम केलं. एका गोदामाच्या हिशेबाचं काम आलं होतं. आधीच्या एका ग्राहकाचा आराखडा होता, त्यावर नाव बदलून माझ्यापुढे ठेवला गेला आणि 'बघून सही कर' असं सांगितलं. मी बघितला नाही. सही केली. प्रणाली सुरू झाली त्या महिन्यात तिथल्या गोदामपालाने सलग अकरा रात्री जागून सगळा माल हाताने मोजला, कारण आमच्या प्रणालीत फुटलेला माल परत आला तर तो नोंदवायला जागाच नव्हती. मी तिथे गेले तेव्हा तो वयस्कर माणूस मला फक्त एवढं म्हणाला, "बाई, आम्हाला कुणी विचारायलाच आलं नाही." त्याच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं मी आजही विसरलेले नाही. तेव्हा एजंट नव्हता, पण चूक हीच होती. उंटावरून शेळ्या हाकायची सवय आपल्या धंद्यात जुनी आहे. तुम्हाला आता उंट जास्त उंच मिळालाय, एवढाच फरक.

तुमच्या प्रणालीत दर चुकला तर तुम्हाला एक मार्क कमी पडेल. तिथे रांगेत उभ्या असलेल्या बाईचे दहा दिवसांच्या बिलात पैसे कमी येतील. ती सचिवाशी भांडेल, सचिव म्हणेल कॉम्प्युटरमध्ये असंच आहे, आणि ती गप्प बसेल. कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून गरीब माणसाने गप्प बसावं, अशी वस्तू माझ्या हाताखालून मी बाहेर जाऊ देणार नाही.

आता काय करायचं ते लिहून घ्या. वहीत लिहा, हाताने.

या गुरुवारी पहाटे साडेपाचला चौघंही संकलन केंद्रावर असाल. पहिली एसटी तेवढ्या लवकर पोहोचत नाही, म्हणून बुधवारी रात्री याच्या घरी मुक्कामाला जा. याने वडिलांना आधी विचारायचं. लॅपटॉप न्यायचा नाही. सकाळची पूर्ण पाळी बघायची, संध्याकाळची पूर्ण पाळी बघायची. सचिवांना हात जोडून सांगायचं की आम्ही शिकायला आलोय. किटलीला हात लावू दिला तर लावा. सभासदांची परवानगी घेऊन तीस पावत्या उतरवून आणा. त्यांची नावं उतरवायची नाहीत, कोड नंबरही नाही, फक्त आकडे. त्या तीस पावत्यांची रक्कम दरपत्रकावरून स्वतः हाताने काढा. हाताने काढलेली रक्कम आणि पावतीवरची रक्कम जुळेपर्यंत कोडची एक ओळ लिहायची नाही. पुढे याच तीस पावत्या तुमच्या पहिल्या टेस्ट होतील.

परत आलात की एजंट उघडा. या वेळी त्याच्याकडे प्लॅन मागायचा नाही. तुम्ही पाहिलेलं सगळं तुमच्या शब्दांत लिहून त्याच्यापुढे ठेवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, आणि त्याला सांगा की प्लॅन देऊ नकोस, आधी आम्हाला प्रश्न विचार. हे काम तो उत्तम करतो. दूध नासलं तर नोंद काय करायची, एका सभासदाच्या दोन किटल्या आल्या तर काय, मशीन बंद पडलं तर फॅट कुठून घ्यायची, असे प्रश्न तो काढून देईल आणि त्यातले काही तुम्हाला सुचलेले नसतील. ज्यांची उत्तरं तुमच्याकडे नसतील ती घेऊन पुन्हा केंद्रावर जा. उत्तर एजंटकडून घ्यायचं नाही. त्याच्याकडून प्रश्न घ्यायचा आणि उत्तर माणसाकडून आणायचं.

मग प्लॅन. दहा पानांच्या वर एक ओळ नको. प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहायचं, हे कुणी सांगितलं: सचिवांनी, मशीन चालवणाऱ्याने, सभासदाने, की आपण स्वतः पाहिलं. कुणीच सांगितलं नसेल तर तिथे 'गृहीत' असं लिहा, लाल पेनाने. लाल शब्द असण्यात लाज नाही. तो लपवण्यात आहे. दर कसा साठवायचा, दुरुस्तीची खूण कशी ठेवायची, तुटलेल्या इंटरनेटनंतर नोंदी कशा जुळवायच्या, हे तीन निर्णय नंतर बदलणं महाग पडतं. त्यांचे पर्याय एजंटकडून हवे तेवढे मागा, त्यांच्या उणिवा काढायला लावा, पण निर्णय चौघांनी बसून घ्यायचा आणि का घेतला ते पाच ओळींत लिहायचं.

पहिल्या दोन आठवड्यांत एकच गोष्ट पूर्ण करायची: एक सभासद, एक पाळी, एक पावती, सुरुवातीपासून छापून हातात येईपर्यंत. लहान असो, पण आरपार चालली पाहिजे. ते करताना किती तास अंदाज होता आणि किती लागले ते रोज वहीत लिहा. दोन आठवड्यांनी त्या वहीवरून मला पुढची तारीख सांगा. तुमच्या स्वतःच्या वहीतून आलेली तारीख चुकली तरी मी ती ऐकून घेईन.

कोड एजंटकडून लिहून घ्या, माझी हरकत नाही. पण लहान तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा तुमच्यापैकी एकाने वाचून, समजून, मगच पुढे. त्याने सुचवलेली प्रत्येक लायब्ररी खरोखर अस्तित्वात आहे का ते बघा; ही मॉडेल्स कधीकधी नसलेल्या पॅकेजची नावं सांगतात, आणि त्याच नावाने घातक कोड टाकून ठेवणारे भामटे जगात आहेत. संस्थेच्या खऱ्या डेटावर त्याला हात लावू द्यायचा नाही. आणि रिव्ह्यूला मी कोणत्याही ओळीवर बोट ठेवीन, चौघांपैकी कुणालाही उभं करीन. 'ते एजंटने लिहिलंय' हे उत्तर मी ऐकणार नाही.

तुम्ही ढ असता तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. चौघंही हुशार आहात. या मुलाने आत्ता उभं राहून पाच मिनिटांत जे सांगितलं ते तुमच्या अडतीस पानांपेक्षा मोलाचं होतं, आणि ते त्याने एकही कागद न बघता सांगितलं. असं बोलता येईल इतकं काम समजून घ्या, मग ते साधन तुमच्या हाताखाली राबेल. आज तुम्ही त्याच्या हाताखाली राबताय, आणि तुम्हाला ते कळलंही नाही.

हा प्लॅन परत घेऊन जा. शेवटचं पान मी फाडून ठेवून घेतलंय, कारण त्या चार सह्या कुणी पाहाव्यात असं मला वाटत नाही. पुढच्या सोमवारी नवी दहा पानं आणा. त्यावर आधी सचिवांना वाचून दाखवल्याची त्यांची सही, मग तुमच्या चौघांच्या सह्या. माझी जागा सगळ्यात खाली रिकामी ठेवा.

उठा. आणि तू जाताना वडिलांना फोन कर, बुधवारी रात्री तिघं जास्तीचे जेवायला आहेत म्हणून.